शहापूरचं टोचन

आमच्या घरात रोज सकाळी एक वेळ अशी यायची की कुणी कुणाशी बोलायचं नाही. आई तव्याखालचा गॅस बारीक करायची. मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, आणि मी दात घासत असले तरी ब्रश तोंडात तसाच धरून गॅलरीत उभं राहायचं. खाली कंपाउंडमध्ये बाबा गाडीत बसलेले असायचे. चावी फिरायची, इंजिन सुरू व्हायचं, मग गिअरचा दांडा मागच्या खाचेत पडल्याचा एक टक् आवाज. गाडी अंगभर जराशी हलायची आणि मागे यायची. मग दुसरा टक्, आणि गाडी पुढे. ती गेटबाहेर गेली की आई गॅस मोठा करायची आणि म्हणायची, "गेले बाई." एवढं झालं की घर परत बोलायला लागायचं. मुलुंड पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर माझं सगळं बालपण गेलं, पण कान म्हणून जे काही मला आहेत ते त्या दोन आवाजांनीच तयार झाले.

लोकांना वाटेल, गाडीचं एवढं काय कौतुक. कौतुक नव्हतं, भीती होती. मी अकरावीत असताना बाबांची स्कूटर भांडुपच्या उतारावर घसरली. हाड जुळलं, पण डाव्या पायाची नस गेली. पाऊल खाली लटकायचं, चालताना पाय उचलून टाकावा लागायचा आणि जोर म्हणून काही लावताच यायचा नाही. पहिले कितीतरी महिने तर चालणंही नव्हतं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आजही नाही. हॉस्पिटलला जायचं असलं की बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे आणि खुर्ची उचलून खाली न्यायचे. मागून दोघं कुणीतरी बदलते असायचे, पुढून मात्र कायम परबकाका.

परबकाका आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचे. मालवणकडचे, गोदीत सगळा जन्म ओझी उचललेली, रिटायर होऊनही खांदे तसेच. बाबांपेक्षा वयाने मोठे, म्हणून बाबा त्यांना दादा म्हणायचे, पण अरे-तुरे करायचे. काका खुर्चीच्या पुढे उलटे उतरायचे, बाबांचे दोन्ही पाय आपल्या मुठीत घट्ट धरून, आणि प्रत्येक वळणावर ओरडायचे, "सांभाळ रे मिलिंदा, नवरोदेव चाललो." बाबा उतरताना सतत बडबड करायचे. क्रिकेट, ऑफिसातले किस्से, काहीही. मोठमोठ्याने हसायचे. मला वाटायचं, किती हिमतीचा माणूस आहे हा. हिंमत होतीच. पण बडबडीचं कारण वेगळं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

बाबांचं ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. तिथल्या साहेबांनी बरंच सांभाळून घेतलं, नाही असं नाही. पण एक दिवस ते घरी आले, आईच्या हातची पोह्यांची बशी संपवली आणि गोड आवाजात म्हणाले की मिलिंद, रोज आपलं आपण येणं जमणार असेल तर खुर्ची तुझीच आहे, नाहीतर लवकर निवृत्ती घे, त्यातही काही वाईट नाही. ते गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, "कुणाच्या खांद्यावर बसून मी ऑफिसात जाणार नाही. जाईन तर एकटा जाईन." आई मलकापूरकडची. इतकी वर्षं मुंबईत काढून तिचं बोलणं ठीकठाक मुंबईचं झालं होतं, पण घाबरली की तिकडचं वर यायचं. "काऊन असं बोलता हो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मग ती गाडी आली. सांताक्रूझच्या एका म्हाताऱ्या बाईंची होती, त्या परदेशी मुलाकडे चालल्या होत्या. गाडीला क्लच नाही. दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाने नुसतं बसून राहायचं. बिल्डिंगमध्ये असली गाडी कुणी पाहिलीच नव्हती. परबकाकांनी खाली वाकून पुन्हा पुन्हा बघितलं आणि विचारलं, "हिका डावो पाय नायच?" बाबा म्हणाले, "नाही दादा. माझ्यासारखीच आहे." त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा आम्ही घरात खळखळून हसलो. आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत केलं, वर कच्चं तेल, आणि डब्यात भरून काकांकडेही पाठवलं. दुसऱ्या आठवड्यापासून बाबा एकटे ऑफिसला जायला लागले. गाडी बिघडली तर काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी तोंडातून काढायचा नाही. पण तिघांच्याही पोटात तो रोज सकाळी असायचाच, म्हणून ती शांतता.

आता शहापूर. माझ्या आतेभावाचं लग्न होतं तिथे. आम्ही आमच्या गाडीतून, परबकाका त्यांच्या जुन्या जीपमधून. ही जीप एरवी फक्त गणपतीला गावी जायची, पण आमच्याकडचं लग्न म्हणजे त्यांना स्वतःच्या घरचंच. लग्न वेळेवर लागलं, जेवणं झाली, आणि निघायला बघतो तर गाडी मुकी. भाचरंडांनी दारं उघडी टाकून दुपारभर गाणी लावली होती, बॅटरी पार उतरली. एका गाडीतून दुसरीला करंट द्यायची वायर सगळ्या वऱ्हाडात एकाकडेही नव्हती. मग जे व्हायचं तेच झालं. धक्का. टाय लावलेले, फेटे बांधलेले, सगळे मागे लागले. गाडी मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि मुकीच राहिली. आज मला माहीत आहे की ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होतच नाही, चाकं कितीही फिरवा, इंजिनाला ते कळत नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. गॅरेज शोधावं तर रविवार.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक रीत होती. मदत मागायची नसते, ती यायचीच, आणि आली की नको म्हणायचं नसतं. नको म्हटलं तर माणूस महिनाभर घुश्शात. परबकाकांनी कुणाला विचारलं नाही. जीपमधून गोदीतला जाड दोर काढला, आमच्या गाडीच्या पुढच्या कडीला अशी गाठ मारली की ती सोडवायला पुढे सुरी लागली. "टोचन करून नेतंय," म्हणाले. मुंबईत दोर बांधून गाडी ओढून नेण्याला टोचन म्हणतात, आणि निदान आमच्याकडच्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी कुणाची तरी गाडी टोचन केलेली असते. बाबांनी दांडा मधल्या खाचेत टाकला, न्यूट्रलमध्ये, आणि शहापूरपासून मुलुंडपर्यंत आम्ही दोराच्या टोकाला आलो. इंजिन बंद, त्यामुळे स्टिअरिंग दगडासारखं जड आणि ब्रेक लाकडासारखा. बाबांच्या शर्टातून घाम गळत होता. मी शेजारी, मागे आई डोळे मिटून. भिवंडीच्या बायपासला काकांनी वेग धरला. मी दोराकडे बघत होते, तो कधी ताणायचा, कधी सैल पडायचा. माजिवड्याला आई म्हणाली, "आता तरी हळू चालवा म्हणा त्यायले." पण सांगणार कसं? टोलनाक्यावरचे लोक हसले. घरी पोचलो तेव्हा काका खाली उतरून हात झटकत म्हणाले, "बघ, आणलंय ना सुखरूप." बाबांनी त्यांना मिठी मारली. मी स्वतः पाहिलंय.

नवी बॅटरी बसली, गाडी सुरू झाली, सगळं पूर्ववत. थोडे दिवस. मग एका सकाळी मी ब्रश तोंडात धरून उभी, आणि पहिला टक् झाला, गाडी मागे आली, दुसरा टक् झाला आणि पुढे काहीच नाही. गाडी विचार करत बसल्यासारखी थांबली. मग एकदम धक्का खाऊन पुढे गेली. मी आईकडे पाहिलं. तिने गॅस मोठा केला नाही. "ऐकलंस?" मी विचारलं. "काही नाही ते," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर करपली.

त्यानंतर आमच्याकडे जे सुरू झालं त्याला आजारपण म्हणतात, दुसरा शब्द नाही. टक् आणि हालचाल यांच्यामधला तो थांबा रोज थोडा लांबायला लागला. गाडी वेग घेताना एक बारीक शिटीसारखा आवाज यायचा, आधी मला वाटलं माझ्याच कानात आहे. ऑफिसहून आली की बॉनेटपाशी जळकट वास. बाबा घरी येऊन काही बोलायचे नाहीत, आई काही विचारायची नाही. मात्र एक दिवस तिने मला परस्पर फर्मान काढलं की उद्यापासून तू बाबांबरोबर गाडीने जायचं, कॉलेज अंधेरीलाच आहे ना. मी जाऊन काय करणार होते देव जाणे. गाडी बंद पडली तर मी काय तिला खांद्यावर घेणार होते? पण आईला बरं वाटावं म्हणून गेले, आणि मग माझीच झोप उडाली, कारण आता मला सगळं जवळून ऐकू यायचं. पवईच्या चढावर बाबा उजवा पाय दाबायचे, इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे जायची नाही. बाबा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "ट्रॅफिक आहे." समोर रस्ता मोकळा असायचा.

ही बातमी लपणार कुठे? बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचं एकेक मत. तळमजल्यावरच्या मास्तरांचं म्हणणं, पेट्रोलमध्ये भेसळ. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडी पाच मिनिटं फिरवली, बॉनेट न उघडताच सांगितलं की गिअरबॉक्स गेला, कुर्ल्याच्या भंगारातून जुना आणून बसवू, दुसरा इलाज नाही. असल्या गाडीला वाली नसतो, हेही ऐकवलं. त्या रात्री जेवताना बाबांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला तो हातात तसाच राहिला. "साहेबांना फोन करावा म्हणतो," ते म्हणाले. फोन म्हणजे निवृत्ती, हे आम्हाला दोघींनाही समजलं. आईने ताट बाजूला सारलं. मला रडू आलं ते मी मोरीत जाऊन रडले.

तेव्हा मरोळच्या डिमेलो सरांचं नाव परबकाकांनीच काढलं. सर पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी मरोळला, आपल्या वडिलोपार्जित घराच्या आवारात, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं वर्कशॉप टाकलं होतं. माणूस भयंकर. स्वतःची स्तुती स्वतःच करायचा, गिऱ्हाइकाला वर्गातल्या पोरासारखा झापायचा आणि तेही अस्खलित मराठीत. आम्ही शनिवारी गेलो, बाबा, मी आणि काका. काकांना येऊ नका म्हणायची सोय नव्हतीच.

सरांनी गाडीला हात लावला नाही. आधी बाबांना स्टुलावर बसवलं आणि डॉक्टरसारखं विचारत सुटले. आवाज कधीपासून, गाडी थंड असताना जास्त की गरम झाल्यावर, मागे येताना थांबते की पुढे जाताना, मागे येणारी गाडी पूर्ण थांबायच्या आत दांडा पुढे ओढता का? बाबांनी कबूल केलं की कधी कधी ओढतो. "ओढणारच. सगळ्यांना घाई," सर म्हणाले. "आत चकत्या असतात, त्या असल्या घाईने झिजतात." मग गाडी सपाटीवर चालू ठेवून त्यांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. तेल लाल असायला हवं होतं. ते चहासारखं होतं. सरांनी वास घेतला आणि कागद माझ्या नाकाखाली धरला. तोच जळका वास, आमच्या कंपाउंडमधला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "या डब्यात सगळी कामं तेल करतं. गिअर बदलतं तेल, थंड ठेवतं तेल, घासू देत नाही तेच तेल. म्हणून हा कधीच असातसा मरत नाही. तेल तापून मरतो, तेल जुनं होऊन मरतो, चुकीचं तेल घातलं म्हणून मरतो. लोक आधी डबा उघडतात. मी उघडायचं काम सगळ्यात शेवटी करतो. आधी तेल, मग वायर, मग कॉम्प्युटर लावून बघायचं, मग तेलाच्या वाटा. अर्ध्या गाड्या तेवढ्यातच बऱ्या होऊन जातात." बाबांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. सर पुढे बोलतच होते. "आणि काही मरतात त्या मदत करणाऱ्यांच्या हातून. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, की पंप बंद. आता कुणीतरी भला माणूस येतो, दोर बांधतो, लांबून ओढत आणतो. चाकं गरगर फिरतायत, आतले गिअर फिरतायत आणि तेलाचा थेंब नाही. सगळं कोरडं खातं एकमेकांना. वर्षभरात होणार नाही तेवढी वाट दोन तासांत लागते."

मी परबकाकांकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. पण त्यांच्या हातातला चहाचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणून विचारतो," सर म्हणाले, "टोचन केलीय कधी? केली असेल तर ही गाडी इथून एक चाकभरसुद्धा हलवायची नाही. आत भुकटी झाली असेल, ती फिरत फिरत उरलेलंही खाऊन टाकेल. केली नसेल तर हळू चालवत घरी न्या, माझ्याकडे आज जागा नाही. सोमवारी आणा, तेलापासून सुरू करू."

काकांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी बाबा बोलले, "नाही. कधीच नाही."

बाबा खोटं बोलत नाहीत, निदान मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. सरांनी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी कागदावरच्या त्या चहाच्या डागाकडे बघत बसले. आज माझी चाळिशी उलटली, मला कुणी विचारलं की तुझ्या बापाने तसं का केलं, तर मी सांगेन की जो माणूस दुसऱ्याचे पाय हातात धरून तीन मजले उलटा उतरतो त्याला तूच माझी गाडी मारलीस हे तोंडावर सांगता येत नाही. दुसऱ्याच्या तोंडून त्याला ऐकू द्यायचंही जमत नाही. पण त्या दिवशी मला एवढं शहाणपण कुठलं? त्या दिवशी मी फक्त घाबरले. कारण आता तीच गाडी आम्हाला मुलुंडपर्यंत चालवत न्यायची होती.

मरोळहून निघून पवईकडच्या लिंक रोडला लागलो. काका मागे बसले होते. आरशात त्यांचं फक्त कपाळ दिसायचं. बाबा सायकल चालवल्यासारखे अलगद चालवत होते, मागचे हॉर्न मारून मारून पुढे जात होते. शिटी आता शिटी राहिली नव्हती, किंचाळत होती. मी दाराची कडी घट्ट धरली होती. मनात एकच, पवईचा चढ, पवईचा चढ. आणि चढ आलाच. अर्ध्यावर गेलो असू, इंजिन एकदम मोकाट ओरडलं आणि गाडीचा जीव गेला. पुढे जाईना. क्षणभर थांबली आणि मागे सरकायला लागली. मागे भरलेला डंपर. बाबांनी ब्रेकवर अख्खं अंग टाकलं, मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. डंपर आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबला. बाबांचा उजवा पाय ब्रेकवर रुतून बसला होता. डावा तसाच, आपला काही संबंध नसल्यासारखा.

मुंबई कितीही शिव्या देवो, अशा वेळी ती उतरते. डंपरवाला उतरला, दोन रिक्षावाले आले, सगळ्यांनी मिळून गाडी कडेला घेतली. आणि मागून एक टेम्पोवाला हातात दोर नाचवत आला. "चलो साब, मुलुंड ना? अपुन भी उधरच. टोचन करके छोड देता." किती आपुलकीने म्हणाला बिचारा. बाबा काचेतून त्या दोराकडे बघत राहिले. नको म्हणायचं तर का नको ते सांगायला लागणार होतं, आणि मागच्या सीटवर काका बसले होते. टेम्पोवाला वाकून कडी शोधायला लागलासुद्धा.

मागचं दार उघडलं. काका उतरले. त्यांनी टेम्पोवाल्याच्या हातातून दोर काढून घेतला, त्याची नीट गुंडाळी केली आणि त्याला परत दिला. "नको रे बाबा," ते म्हणाले. "दोरानंच मेली ही. मीच बांधला होता."

टेम्पोवाल्याला काहीच कळलं नाही, तो मान हलवून गेला. काकांनी डिमेलो सरांना फोन लावला आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवून, सगळं सांगितलं. शहापूर, बायपास, वेग, सगळं. पलीकडून सर जे काही बोलले ते काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग सरांनी गाडी पाठीवर उचलून नेणारा ट्रक पाठवला. तो येईपर्यंत आम्ही तिघं कठड्यावर बसून होतो. बाबा म्हणाले, "दादा, अरे जुनी गाडी आहे, कशानेही झालं असेल." घरी आल्यावर काका आमच्या दाराशी न थांबता वर गेले. असं कधी झालं नव्हतं, काकांचा संध्याकाळचा चहा आमच्याकडे असायचा.

सरांनी मग खरोखरच डबा उघडला. आता त्यांना कुठे बघायचं ते माहीत होतं. खालच्या ताटलीतल्या लोहचुंबकावर लोखंडाची लव उगवली होती, त्यांनी ती मला बोट लावून बघायला लावली. पण ते म्हणाले की आणखी थोडी चालली असती तर कुर्ल्याचं भंगारच होतं, आता मात्र जीव आहे. जळलेल्या चकत्या, दोन बेअरिंग, रबरी सगळी सीलं बदलायची. मुख्य म्हणजे तेल थंड करणाऱ्या नळ्या धुऊन काढायच्या, नाहीतर तिथे बसलेली भुकटी नव्या सामानालाही खाते. नाक्यावरच्याने जुना डबा आणून बसवला असता तर तोही याच नळ्यांनी मारला असता. जाता जाता सरांनी बाबांना सुनावलं, "डॉक्टरशी आणि माझ्याशी खोटं बोलायचं नाही, मिस्टर." बाबा म्हणाले, "पुन्हा नाही." त्या दिवसांत बाबा रजेवर होते. साहेबांचे फोन यायचे, बाबा आत जाऊन हळू आवाजात बोलायचे, आणि आई दाराला कान लावून उभी. मी नखं कुरतडून कुरतडून बोटं सोलून काढली होती. आणि वरच्या मजल्यावरून काकांच्या चपलांचा आवाज यायचा, दारापर्यंत यायचा, परत जायचा.

गाडी घरी आली त्या दिवशी आईने शेवयांची खीर केली. संध्याकाळी चहाची वेळ टळली, काका आले नाहीत. बाबा उठले, काठी घेतली आणि जिन्याकडे निघाले. वरच्या. अपघातानंतर ते आमच्या मजल्याच्या वर कधी गेलेच नव्हते, गरजच काय? आईने मला खिरीची वाटी देऊन मागोमाग पाठवलं. खरं म्हणजे ते पडले तर सावरायला, हे मला समजत होतं. एकेक पायरी, उजवा पाय वर, मग डावा ओढून. मध्ये दोनदा थांबले. मी हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले.

काकांनी दार उघडलं आणि बाबांना बघून चक्क घाबरले. "मेल्या, तू वर कशाक इलंस?" बाबा धापा टाकत म्हणाले, "गाडी आली. तू खाली येईना. म्हटलं, बोलवायला जावं." काका दारातच उभे. आत या नाही, बसा नाही. बाबांच्या डाव्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "खरा सांग. खुर्चीवरून नेत होतंय तेवा पण दुखायचा तुका?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. हसून उडवून लावतील असं वाटलं मला. "लय दुखायचं, दादा," ते म्हणाले. "तू नेमका घोटा धरायचास. डोळ्यांपुढे अंधारी यायची."

"म्हणून ती बडबड?"

"म्हणून."

"मग बोलायचा नाय, मेल्या?"

"बोललो असतो तर परत उचललं असतंस?"

काकांना राग आला. खरोखरचा राग, कान लाल झाले त्यांचे. "उचललं तर असतंच," ते म्हणाले. "दुसरीकडे धरलं असतं."

बाबांचे डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. माझ्या हातातली खीर गार होत होती. मग काकांनी पायात चपला अडकवल्या, दार ओढून घेतलं आणि नेहमीसारखे बाबांच्या पुढे होऊन एक पायरी खाली उतरले. उलटे. दोन्ही हात पुढे केले आणि थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थांबले.

"खंय धरू?" त्यांनी विचारलं.

बाबांनी सांगितलं.